स्थलांतरित स्त्री, आंतरछेदिता आणि सामाजिक न्याय : ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

शासकीय नोंदींमध्ये भारतातील बहुसंख्य स्थलांतरित स्त्रिया ‘विवाह’ या कारणाने स्थलांतरित झालेल्या दिसतात. या एका शब्दामागे त्यांचे श्रम, त्यांची जात, त्यांचा धर्म आणि त्यांनी उभे केलेले संघटन झाकले जाते. प्रस्तुत निबंधात स्थलांतराच्या ‘विवाह’, ‘कुटुंबासह’ आणि ‘रोजगार’ या तीन रकान्यांच्या आधारे ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसरातील स्थलांतरित स्त्रियांच्या प्रश्नांचा विचार केला आहे. त्या अनुषंगाने ‘आयदान’ आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथांचे पुनर्वाचन केले आहे, तसेच आंतरछेदिता या संकल्पनेची चिकित्सा केली आहे. जात, लिंग आणि प्रदेश यांची बेरीज म्हणजे आंतरछेदिता नव्हे. स्थलांतरित स्त्रीच्या बाबतीत हा छेद मुक्कामाच्या ठिकाणी, म्हणजे घरभाडे, काम आणि कागदपत्र यांच्या व्यवहारात घडतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : स्थलांतर, आंतरछेदिता, दलित स्त्री-आत्मकथन, घरकामगार, मुंब्रा, डान्सबार बंदी, सामाजिक न्याय.

प्रस्तावना

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. त्यानंतरच्या दीडशेहून अधिक वर्षांत या पट्ट्याची लोकवस्ती प्रामुख्याने बाहेरून आलेल्यांनी घडवली. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. गिरगाव, दादर, परळ येथील जागा अपुऱ्या पडू लागल्या तशी मध्यमवर्गीय मराठी कुटुंबे डोंबिवलीकडे सरकली. १९८२ च्या गिरणी संपानंतर कामगार कुटुंबांनीही याच मार्गाने बदलापूरपर्यंतचा प्रवास केला. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्र्यात आली. मराठवाड्यातील कोरडवाहू गावांतून तसेच उत्तर प्रदेश व बिहारमधून येणाऱ्यांचा ओघ तर अखंड आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर गेली आणि तो देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. त्यानंतर १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा करण्यात आला. २०११ मध्येच ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार, तर कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार होती.

अशा परिसरात ‘स्थलांतरित कोण?’ हा प्रश्न निरर्थक वाटणे स्वाभाविक आहे, कारण एका अर्थाने येथे बहुतेक सर्वच बाहेरून आलेले आहेत. तथापि व्यवहारात हा शब्द सर्वांना सारखा लावला जात नाही. दोन पिढ्यांपूर्वी कोकणातून वा देशावरून आलेले कुटुंब आज ‘डोंबिवलीकर’ म्हणवते. मजूर नाक्यावर उभी असलेली जालना-बीडकडची बाई वीस वर्षे येथे राहूनही ‘गावाकडची’ राहते, आणि मुंब्र्यातील स्त्री मुंबईतच जन्मलेली असली तरी ‘तिकडची’ ठरते. स्थलांतरित हे विशेषण माणसाच्या प्रवासावरून जेवढे ठरते, तेवढेच ते त्याच्या जातीवर, धर्मावर आणि घराच्या मालकीवर ठरते. प्रस्तुत विवेचनाचा आरंभ या विषमतेपासून होतो.

नोंदीतील स्त्री

भारतीय जनगणनेत स्थलांतराचे कारण विचारले जाते आणि त्यासाठी काम वा रोजगार, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतर स्थलांतर, कुटुंबासह स्थलांतर व इतर असे पर्याय दिलेले असतात. एका व्यक्तीच्या नावापुढे एकच कारण नोंदले जाते. या पद्धतीमुळे स्त्रियांचे स्थलांतर जवळजवळ संपूर्णपणे ‘विवाह’ या रकान्यात जमा होते. २०२०-२१ च्या राष्ट्रीय श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या स्थलांतरविषयक अहवालानुसार स्थलांतरित स्त्रियांपैकी सुमारे ८७ टक्के स्त्रियांचे स्थलांतर विवाहामुळे झालेले आहे.

ही नोंद खोटी नाही, परंतु अपुरी आहे. परतूर वा माजलगावकडची मुलगी लग्न करून कल्याणच्या एखाद्या वस्तीत येते, महिन्याभरात चार घरची धुणीभांडी धरते आणि पुढची तीस वर्षे घरातील निश्चित उत्पन्न तिच्याच हाताने येते, तरी नोंदीत ती ‘विवाहामुळे आलेली’ एवढीच राहते. पतीच्या नावापुढे ‘रोजगार’ असते आणि तो हंगामी बेकार असला तरी स्थलांतरित कामगार म्हणून मोजला जातो. स्थलांतरविषयक कायद्यांचा साचाही असाच आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारामार्फत दुसऱ्या राज्यात नेलेल्या कामगाराचाच विचार केला होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने आपणहून आलेल्या कामगारास व्याख्येत घेतले, तरी ही व्याख्या आस्थापनेतील कामाशी बांधलेली आहे आणि दुसऱ्याचे घर ही या अर्थाने आस्थापना नव्हे. राज्याच्या आतल्या आत झालेले स्थलांतर तर या व्याख्येच्या कक्षेबाहेरच राहते. जालन्याहून कल्याणला येणारी स्त्री अशा रीतीने स्थलांतरितही ठरत नाही आणि कामगारही ठरत नाही.

संकल्पनेची चिकित्सा

आंतरछेदिता ही संज्ञा अमेरिकेतील कृष्णवर्णीय कायदेपंडित किम्बर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये मांडली. त्यांच्या विवेचनाचा आधार जनरल मोटर्स कंपनीविरुद्धचा १९७६ चा एक खटला होता. कंपनीतील मंदीकाळच्या कामगार कपातीत कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. न्यायालयाने त्यांचा दावा मान्य केला नाही. कंपनीत स्त्रिया होत्या, पण त्या गोऱ्या होत्या आणि कचेरीत होत्या. कृष्णवर्णीय होते, पण ते पुरुष होते आणि कारखान्यात होते. लिंगभेद आणि वर्णभेद स्वतंत्रपणे तपासले असता दोन्ही दिसेनासे झाले. जिथे ते एकमेकांस छेदत होते तिथे उभ्या असलेल्या स्त्रियांसाठी कायद्याकडे शब्दच नव्हता.

१९९१ मधील पुढील निबंधात क्रेनशॉ यांनी स्थलांतरित स्त्रियांचा प्रश्न घेतला, परंतु आंतरछेदितेच्या मराठी चर्चेत त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्यातील दुरुस्तीनुसार विवाहाने त्या देशात आलेल्या व्यक्तीस कायम वास्तव्याचा अर्ज करण्यापूर्वी दोन वर्षे तो विवाह टिकवावा लागे. परिणामी पतीची मारहाण सहन करावी की देशाबाहेर काढले जाण्याचा धोका पत्करावा, हा पेच अनेक स्थलांतरित स्त्रियांपुढे उभा राहिला. वास्तव्याचा हक्क विवाहातून वाहत असेल तर विवाहातील हिंसा ही राज्यसंस्थेच्या आधाराने चालणारी हिंसा होते, हे त्या विवेचनाचे सार होते.

देशांतर्गत स्थलांतर करणारी स्त्री नागरिकच असते, हा येथील महत्त्वाचा फरक आहे. तिला कोणी हद्दपार करीत नाही. असे असले तरी विवाहावाटे हक्क पोहोचविण्याची रीत येथेही आढळते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सुरू केलेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत दरमहा १५०० रुपयांच्या साहाय्यासाठी राज्यातील वास्तव्याचा पुरावा मागण्यात आला. परराज्यात जन्मलेल्या स्त्रीने महाराष्ट्रातील रहिवासी पुरुषाशी विवाह केला असल्यास पतीचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला वा अधिवास प्रमाणपत्र ग्राह्य धरले गेले. ही सवलत अनेकींना उपयोगी पडली हे नाकारता येणार नाही. परंतु पतीने सोडलेल्या, पतीपासून निघून आलेल्या वा विवाहाविनाच येथे कामाला आलेल्या परप्रांतीय स्त्रीच्या हाती या सवलतीतून काय पडते, हा प्रश्न उरतोच. बहिणीच्या नावाने दिलेला हक्क तिला पत्नी म्हणून सिद्ध करावा लागतो.

संज्ञा परकी असली तरी या जाणिवेस महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग मुलीचा १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध महार-मांगांच्या दुःखाविषयी आहे. त्यात बाळंत होणाऱ्या स्त्रीच्या डोक्यावर छप्परही नसते, हे ती मुद्दाम सांगते. जातीने नाकारलेला निवारा आणि स्त्रीदेहाची प्रसूती यांचा छेद तिने नेमका टिपला होता. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पितृसत्तेवर आघात केला. समकालीन चर्चेत गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याची कारणे दलितेतर स्त्रियांचे नेतृत्व आणि दलित पुरुषांची सत्ता या दोहोंत शोधली. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये केवळ ‘वेगळेपणा’वर न थांबता दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची मांडणी केली, जन्माने दलित नसलेल्यांनाही ती भूमिका कष्टाने आत्मसात करता येते, हा तिचा महत्त्वाचा भाग होता. २०१५ मध्ये निवेदिता मेनन यांनी आंतरछेदिता ही संज्ञा भारतास कितपत लागू पडते असा आक्षेप घेतला आणि मेरी जॉन यांनी त्यास उत्तर दिले.

या वादातील दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे. शोधनिबंधांत ही संज्ञा पुष्कळदा यादीसारखी वापरली जाते. ‘ती स्त्री आहे, दलित आहे, गरीब आहे, स्थलांतरित आहे’ असे म्हणून चार दुःखांची बेरीज केली जाते आणि प्रत्येक घटक आधीपासूनच तयार असल्याचे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात गावात जात सर्वांस ठाऊक असते, शहरात ती विचारली जाते, लपवली जाते वा ओळखली जाते. स्थलांतराने जातीचा व्यवहार बदलतो आणि त्यासोबत स्त्रीत्वाचा व्यवहारही बदलतो. म्हणून छेदाचे स्थळ कोणते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

विवाहाने आलेली : आत्मकथन आणि घरकाम

ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ हे आत्मकथन २००३ मध्ये ग्रंथालीने प्रसिद्ध केले. मराठी समीक्षेने त्याचे वाचन दलित स्त्रीच्या दुहेरी शोषणाची कहाणी म्हणून केले. हे वाचन चुकीचे नसले तरी त्यातून ग्रंथाची रचना सुटते. ‘आयदान’चा आरंभच चालण्याने होतो. रत्नागिरीजवळच्या फणसवळे परिसरातील बाया डोंगरवाटा तुडवत बाजाराला जातात. गाव आणि बाजार यांमधील ही रोजची ये-जा स्त्रियांच्या श्रमाची आहे आणि तीत जातीने लादलेला व्यवसायही आहे. बांबूची आयदाने विणणारी आई पतीच्या पश्चात मुलांचे शिक्षण त्या विणकामावर पुढे नेते. आईचे विणणे आणि लेखिकेचे लिहिणे यांचे नाते ग्रंथानेच सूचित केले आहे.

विवाहानंतर मुंबईस आलेली ही स्त्री जनगणनेच्या भाषेत ‘विवाह’ या रकान्यात बसते. परंतु ग्रंथाच्या उत्तरार्धात शासकीय नोकरी, मराठी विषयातील पदव्युत्तर शिक्षण, कथालेखन आणि दलित स्त्रियांचे संघटन हे शहरी जीवनाचे चार धागे येतात आणि त्या प्रत्येकावर घरात ताण पडतो. समतेच्या चळवळीशी बांधील असलेल्या घरातही पत्नीच्या शिक्षणाविषयी आणि सभांविषयी नाराजी असते. याच घराबाहेर दुसरा ताण उभा असतो. भिंतीवरील बुद्ध-आंबेडकरांच्या तसबिरी शेजाऱ्यांच्या नजरेस पडतात आणि त्यानंतर शेजार पूर्वीसारखा राहत नाही. गावात वस्तीच्या जागेवरून ओळखली जाणारी जात शहरात दिवाणखान्याच्या भिंतीवरून ओळखली जाते. जात, लिंग आणि स्थलांतर यांचा छेद येथे घराच्या उंबऱ्यावर घडतो. एकाच उंबऱ्याच्या आत पत्नीपण आणि बाहेर जात असे दोन ताण समोरासमोर येतात. ‘दुहेरी शोषण’ या शब्दप्रयोगाने ताणांची संख्या कळते, त्यांचे स्थळ कळत नाही.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचा ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा १९८९ चा ग्रंथ या आत्मकथनाच्या आधी वाचला पाहिजे. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास आणि त्यांच्या मुलाखती यांचा हा संग्रह आहे. त्यातून दिसणाऱ्या कार्यकर्त्या निव्वळ कोणाच्या पत्नी म्हणून सभेस गेलेल्या नाहीत. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेस सुमारे २५ हजार स्त्रिया उपस्थित होत्या. तेथील ठरावांत घटस्फोटाचा हक्क व बहुपत्नीकत्वास विरोध यांच्या बरोबरीने कामगार स्त्रियांच्या रजा, नुकसानभरपाई आणि निवृत्तिवेतन यांच्या मागण्या होत्या. पत्नी आणि कामगार या दोन्ही नात्यांनी एकाच व्यासपीठावरून हक्क मागणे, हे त्या परिषदेचे वैशिष्ट्य होते. आंतरछेदिता ही संज्ञा जन्माला येण्याच्या ४७ वर्षे आधी ती संघटनेच्या ठरावांत व्यक्त झाली होती.

या ठरावांतील दुसरा अर्धा भाग पुढे मागे पडला, हे आजच्या घरकामगारांच्या स्थितीवरून लक्षात येते. ‘मोलकरीण’, ‘कामवाली बाई’, ‘घरकामगार’, ‘घरेलू कामगार’ हा शब्दांचा प्रवासच एका संघर्षाचा इतिहास आहे. १९८० मध्ये पुण्यातील मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळानंतर शहरांत आलेल्या भूमिहीन कुटुंबांतील स्त्रिया या कामात मोठ्या संख्येने होत्या. पुढे अनेक संघटनांच्या पाठपुराव्यानंतर महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ झाला. ‘बाई’चे कायद्याच्या भाषेत ‘कामगार’ होणे ही मोठी उपलब्धी होती. परंतु हा कायदा कल्याणाचा आहे. वेतन, साप्ताहिक सुटी वा कामाचे तास ठरविणारा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरकामगारांविषयीचा २०११ चा करारही भारताने स्वीकारलेला नाही.

ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील गृहसंकुलांत या श्रमाची विभागणी जातीच्या रेषांनी होते. स्वयंपाकाला ‘आपल्यातली’ बाई हवी असते, धुणीभांड्याला जात कमी विचारली जाते आणि संडास-न्हाणीघरासाठी ती गृहीत धरली जाते. २०१७ मध्ये पुण्यात एका स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीविरुद्ध, आपण ब्राह्मण व सुवासिनी असल्याचे खोटे सांगितले म्हणून पोलिसांत तक्रार झाली. निषेधानंतर ती मागे घेण्यात आली. या प्रकरणातील जातीची बाजू बरीच चर्चिली गेली, परंतु ‘सुवासिनी’ या अटीकडे तुलनेने कमी लक्ष गेले. काम मिळण्यासाठी जात आणि पतीचे हयात असणे या दोन्हींचा पुरावा एकाच वेळी मागितला गेला होता. केवळ जातिभेद किंवा केवळ लिंगभेद म्हणून हे प्रकरण तपासल्यास त्याचा अर्धाच भाग हाती येतो. जनरल मोटर्सच्या खटल्यात न्यायालयाची जी अडचण झाली तीच येथे समीक्षेची होते.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत गृहनिर्माण संस्थांनी घरकामगारांना प्रवेश बंद केला. २०२१ मध्ये शासनाने घरेलू कामगारांना १५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले, ते नोंदणी झालेल्यांपुरते होते. नोंदणीसाठी रहिवासाचा कागद लागतो, कागदासाठी भाडेकरार लागतो, आणि झोपडीवजा खोलीचा मालक भाडेकरार करीत नाही. अशा ठिकाणी संघटनेचे काम मोर्च्यापेक्षा कागद गोळा करण्याचे असते. वस्तीतील बचत गट, भिशी, गावकीचे नाते आणि भीमजयंतीची समिती यांतूनच हे काम उभे राहते. चळवळीच्या रूढ इतिहासात या कामास स्थान नाही, कारण त्यात ना सत्याग्रह असतो ना अटक.

कुटुंबासह आलेली : मुंब्रा

जनगणनेचा ‘कुटुंबासह स्थलांतर’ हा रकाना मुंब्र्याच्या संदर्भात एक अवघड वास्तव झाकतो. १९९२-९३ नंतर मुंब्र्यात आलेली कुटुंबे सुरक्षिततेच्या शोधात आली. मुलुंड-ठाण्यापासून काही स्थानकांचे हे अंतर. परंतु ते अंतर ओलांडणे म्हणजे पत्ता बदलणे आणि पत्त्याबरोबर नोकरी, कर्ज, भाड्याची खोली यांच्या शक्यता बदलणे होते. ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत असूनही हा भाग वेगळा समजला जातो.

या परिस्थितीत स्त्रीवर दोन बाजूंनी बंधने येतात. बाहेरच्या शहरात तिचा पेहराव तिचा धर्म सांगतो, आणि वस्तीत समाजाच्या सुरक्षिततेच्या नावाने तिच्या वावरावर लक्ष ठेवले जाते. असुरक्षित समूहात स्त्रियांवरील नियंत्रण वाढते, हे येथे प्रत्ययास येते. १९८७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘आवाज-ए-निस्वाँ’ या मुस्लिम स्त्रियांच्या संघटनेने मुंब्र्यात काम सुरू केले आणि ‘रहनुमा’ या ग्रंथालयाद्वारे मुलींना वाचनाची व एकत्र बसण्याची जागा मिळवून दिली. त्यानंतरच्या काळात ‘परचम’ या गटाने मुंब्र्यातील मुलींचा फुटबॉल संघ बांधला आणि मुलींसाठी मैदानाची मागणी स्वाक्षऱ्या गोळा करून लोकप्रतिनिधींपर्यंत नेली.

ग्रंथालय आणि मैदान या मागण्या वरकरणी किरकोळ भासतात. हिंसा, तलाक, पोटगी हे ‘मुस्लिम स्त्रीचे प्रश्न’ म्हणून ठरून गेलेले असल्यामुळे मैदानाची मागणी सामाजिक न्यायाच्या चर्चेत बसत नाही. परंतु मैदान मागणारी मुलगी महानगरपालिकेकडे नागरिक म्हणून जाते आणि वस्तीकडे मुलगी म्हणून. एकाच मागणीतून ती शहराच्या दुर्लक्षास आणि घराच्या बंधनास उत्तर देते. तिच्या धर्माचा कैवार घेणाऱ्यांना त्यातील स्त्री अडचणीची वाटते आणि तिच्या स्त्रीत्वाचा कैवार घेणाऱ्यांना तिचा धर्म अडचणीचा वाटतो. तिने या दोघांचीही परवानगी मागितलेली नाही, हे या कृतीचे मोल आहे.

रोजगारासाठी आलेली : डान्सबार बंदीचा वाद

तिसरा रकाना ‘रोजगार’. पुरुषाच्या आधाराविना कामासाठी शहरात आलेल्या स्त्रीकडे राज्यसंस्था आणि समाज कसे पाहतात, याची कसोटी २००५ च्या डान्सबार बंदीने लागली. प्रथम मुंबईबाहेरील बार बंद करण्याची घोषणा झाली आणि नंतर मुंबईचाही समावेश झाला. पोलीस कायद्यातील दुरुस्तीनुसार सामान्य बारमधील नृत्यावर बंदी आली. तारांकित हॉटेलांना मात्र सूट होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती समानतेच्या आणि व्यवसायस्वातंत्र्याच्या हक्कांचा भंग करणारी म्हणून रद्द ठरवली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पुढे २०१४ ची दुरुस्ती, २०१६ चा नवा कायदा आणि त्यातील काही जाचक अटी शिथिल करणारा जानेवारी २०१९ चा निकाल असा हा प्रवास आहे.

वर्षा काळे यांच्या नेतृत्वाखालील भारतीय बारगर्ल्स युनियनने आणि अनेक स्त्री-संघटनांनी बंदीस विरोध केला. बंदीच्या काळात एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने व ‘स्त्री अत्याचार विरोधी मंचा’ने केलेल्या पाहणीतून असे दिसले की यांतील अनेक स्त्रिया परंपरेने नृत्य करणाऱ्या जातिसमूहांतून आलेल्या होत्या आणि आपापल्या कुटुंबांच्या प्रमुख पोशिंद्या होत्या. बंदीच्या समर्थकांकडून त्यांना बांगलादेशी म्हटले गेले. विवाहाने आलेली स्त्री कामगार म्हणून दिसत नाही; विवाहाविना आलेली स्त्री दिसते, पण परकी आणि अनीतिमान म्हणून.

या वादाचा सर्वात अवघड भाग मात्र चळवळीच्या आत होता. काही दलित-बहुजन स्त्रीवाद्यांनी बंदीचे समर्थन केले. त्यांचा युक्तिवाद नैतिकतेचा नव्हता. खालच्या मानलेल्या जातींतील स्त्रियांनी वरच्या वर्गातील पुरुषांपुढे नाचणे ही जातिव्यवस्थेचीच रीत आहे आणि तिला ‘निवड’ म्हणणे म्हणजे जातीवर पांघरूण घालणे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १६ जून १९३६ रोजी मुंबईतील दामोदर हॉलमध्ये डॉ. आंबेडकरांनी वाघ्या-मुरळी, जोगतिणी व देवदासी यांना उद्देशून ते जिणे सोडण्याचे जे आवाहन केले, त्याची परंपरा या भूमिकेमागे आहे. उलट बंदीविरोधकांचे म्हणणे होते की पर्यायी उपजीविका न देता काम हिरावून घेतल्यास त्याच स्त्रिया अधिक वाईट शोषणात लोटल्या जातील. सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये असेच मत नोंदवले. समीना दलवाई यांच्या २०१९ च्या ग्रंथाने या बंदीचे जातीच्या अंगाने विश्लेषण करून जातीच्या व्यवसायातून मिळणारा पैसा आणि प्रतिष्ठेचा धोका यांचे नाते उलगडले आहे.

हा वाद ‘जात विरुद्ध लिंग’ असा मांडल्यास तो सुटत नाही. दोन्ही बाजूंकडे छेदाचे भान होते. फरक छेदाच्या स्थळाविषयी होता. बंदीच्या समर्थकांसाठी ते स्थळ बारमधील नजर होती, विरोधकांसाठी ते दुसऱ्या दिवशीचे घरभाडे होते. स्थलांतराचा विचार केल्यास दुसऱ्या बाजूचे पारडे जड होते, कारण गावी परतण्याचा मार्ग जातीनेच बंद केलेला असतो आणि शहरातील खोली रोजच्या कमाईवर टिकलेली असते. मात्र पहिल्या बाजूचा प्रश्न, म्हणजे काही जातींच्या स्त्रियांनाच हे काम का मिळते, न्यायालयाच्या निकालाने सुटलेला नाही. व्यवसायाचा हक्क परत मिळाला तरी व्यवसाय बदलण्याचा हक्क मिळतोच असे नाही. सामाजिक न्यायाच्या कोणत्याही कार्यक्रमास हे दोन्ही हक्क एकत्र धरावे लागतील. १९४२ च्या नागपूर परिषदेने विवाह आणि श्रम यांविषयीच्या मागण्या अशाच एकत्र धरल्या होत्या.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात.

पहिला निष्कर्ष संकल्पनेविषयीचा आहे. स्थलांतरित स्त्रीच्या बाबतीत आंतरछेदिता ही अस्मितांची यादी नसून विशिष्ट स्थळी घडणारी प्रक्रिया आहे. घराचा उंबरा, मालकिणीचे स्वयंपाकघर, नोंदणी कचेरी, वस्तीतील मैदान आणि बार ही ती स्थळे होत. संशोधनाचा आरंभ ‘ती कोण आहे’ या प्रश्नाऐवजी ‘तिला कोठे आणि काय सिद्ध करावे लागते’ या प्रश्नाने केल्यास छेद स्पष्ट दिसतो.

दुसरा निष्कर्ष वाङ्मयाच्या अध्यापनाविषयीचा आहे. दलित स्त्रियांची आत्मकथने वर्गात बहुधा वेदनेचे वाङ्मय म्हणून शिकवली जातात. त्यांत गाव ते शहर हा प्रवास, त्यातील काम, पगार, शेजार व संघटना यांचा जो तपशील आहे तो सामाजिक इतिहासाचे साधन आहे. ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील महाविद्यालयांच्या वर्गांत बसणाऱ्या अनेक विद्यार्थिनींच्या आयांनी हाच प्रवास केलेला आहे. ‘आयदान’चे वाचन या अंगाने झाल्यास अभ्यासक्रमातील ग्रंथ आणि वर्गाबाहेरील वस्ती यांत संबंध जोडता येईल.

तिसरा निष्कर्ष नोंदींचा आहे. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना विभागांमार्फत आणि समाजशास्त्र, अर्थशास्त्र विभागांमार्फत वस्त्यांची सर्वेक्षणे होतात. त्यांच्या प्रश्नावलीत जनगणनेचाच साचा उतरवला जातो. ‘येथे येण्याचे कारण’ या प्रश्नास जोडून ‘आल्यानंतर किती दिवसांत कोणते काम धरले, ते कोणाच्या ओळखीने मिळाले आणि कागदपत्रे कोणाच्या नावावर आहेत’ हे विचारल्यास ‘विवाह’ या रकान्यामागील कामगार स्त्री नोंदीत येईल. त्यासाठी नव्या निधीची वा नव्या यंत्रणेची आवश्यकता नाही.

विवाहाने आलेली स्त्री मोजली जात नाही, कुटुंबासह आलेली ऐकली जात नाही आणि एकटी आलेली खपवून घेतली जात नाही. या तिघींचे प्रश्न वेगवेगळ्या विभागांकडे, वेगवेगळ्या कायद्यांकडे आणि वेगवेगळ्या संघटनांकडे वाटले गेले आहेत. त्या तिघी मात्र सकाळच्या एकाच लोकलने कल्याण, मुंब्रा, ठाणे ही स्थानके ओलांडतात. त्यांचा न्याय एकत्र मागण्याची भाषा महाराष्ट्रातील स्त्रियांच्या चळवळीने १९४२ मध्येच घडवली होती. आज ती भाषा नव्याने वापरात आणण्याची गरज आहे.